शनीसाठी बारा व्होल्ट

दुकानदार माझ्याशी बोलतच नव्हता. प्रश्न मी विचारत होते आणि उत्तरं माझ्या नवऱ्याला मिळत होती.

"मोटर सुरू होताना एकदम जास्त करंट ओढते. तेव्हा ही बॅटरी टिकेल का?" मी विचारलं.

"साहेब, एक नंबर माल आहे," तो नवऱ्याकडे बघत म्हणाला. "डोळे झाकून घेऊन जा."

"आत सेल कुठले आहेत? लोह-फॉस्फेटचे आहेत की जुन्या लॅपटॉपमधले?"

"साहेब, मॅडमना जरा सांगा, लिथियम म्हणजे लिथियम."

नवऱ्याला बॅटरीतलं भिंतीवरच्या घड्याळाच्या सेलपलीकडे काही कळत नाही आणि ते तो कधी लपवतही नाही. "मला काय सांगता? दुर्बीण तिची आहे," तो म्हणाला. दुकानदाराने तेव्हा कुठे माझ्याकडे पाहिलं, तेही कौतुकाने. लहान मुलीने गाणं म्हणून दाखवल्यावर पाहतात ना, तसं. "वहिनींना चांदण्या बघायचा नाद आहे होय! छान, छान."

मी हिंजवडीच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासते. दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका शोधायच्या, हीच माझी नोकरी. त्याआधी इलेक्ट्रॉनिक्सची पदवी घेतली आहे. पण कसब्यातल्या त्या गल्लीत, त्या काउंटरपुढे, मी वहिनी होते. मी गप्प बसले, कारण बॅटरी हवी होती आणि वेळ नव्हता. खोक्यावर क्षमता मोठ्या ठळक आकड्यांत छापली होती, चार्जर सोबत होता, वजन हातात भरत होतं. आम्ही ती घेऊन धायरीला आलो.

वेळ का नव्हता, ते सांगते.

माझे बाबा यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात शाळामास्तर होते. भूगोल शिकवायचे. सूर्यमालेचा धडा आला की फळ्यावर सगळे ग्रह काढायचे आणि शनीपाशी जरा जास्तच रमायचे. पिवळा खडू आडवा धरून त्याची कडी इतकी देखणी काढायचे की पुढच्या तासाचे गुरुजीही फळा पुसायला धजत नसत. मीही त्याच वर्गात बसून तो शनी पाहिला आहे. पण खरा शनी बाबांनी कधी पाहिला नव्हता. म्हणजे आकाशातला ठिपका पाहिला होता. कडी नाही.

काही वर्षांपूर्वी त्यांना काचबिंदू झाला. एक डोळा गेलाच. दुसऱ्याची नजर कडेकडेने मिटत चालली आहे, मधलं तेवढं उरलं आहे. "मले आता सारंच दुर्बिणीतून दिसते," असं ते स्वतःच हसून सांगतात. या हिवाळ्यात ते तपासणीसाठी आमच्याकडे आले, तेव्हा डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "जे गेलंय ते परत येत नाही. जे आहे ते टिकवायचा प्रयत्न करू." मी मान हलवली. घरी येताना रिक्षात माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. शनी सध्या संध्याकाळी दिसतो, पण रोज थोडा थोडा पश्चिमेला कलतोय. महिना-दीड महिन्यात तो सूर्याच्या उजेडात बुडेल. पुढच्या वेळी तो संध्याकाळच्या आकाशात येईल, तेव्हा बाबांच्या डोळ्यात काय उरलेलं असेल?

दुर्बीण माझ्याकडे होती. एका निवृत्त प्राध्यापकांकडून जुनी घेतलेली, पण चांगली. तिच्या खालच्या भागाला माउंट म्हणतात. त्यात मोटरी असतात. एकदा ग्रह सापडला की पृथ्वी फिरते तशा त्या दुर्बीण हळूहळू सरकवत राहतात आणि ग्रह नजरेसमोरून हलत नाही. या मोटरींना बारा व्होल्टचा पुरवठा लागतो. एवढंच. मिक्सरला लागते त्याच्या पासंगालाही पुरणार नाही एवढी वीज. आमच्या सोसायटीच्या टेरेसवर मला ती मिळाली नाही.

टेरेसवर प्लग आहे. त्याला पत्र्याचं झाकण आहे, झाकणाला कुलूप आहे आणि किल्ली सेक्रेटरींकडे आहे. हे गृहस्थ दारात उभं राहून बोलतात. आत बोलावत नाहीत आणि स्वतःही कुणाकडे आत येत नाहीत.

"टेरेस सामाईक आहे, मॅडम. वैयक्तिक छंदासाठी सोसायटीची वीज वापरता येणार नाही."

"जी काय वीज लागेल तिचं बिल मी देते."

"आज तुम्ही दुर्बीण लावाल, उद्या कुणी पिठाची गिरणी लावेल."

"त्याच टेरेसवर मोबाइल कंपनीचा टॉवर आहे, तो काय शेणाच्या गोवऱ्यांवर चालतो?"

"तो ठरावाने आहे," ते म्हणाले आणि दार लावून घेतलं.

वरच्या मजल्यावरच्या बाईंनी बिचाऱ्यांनी त्यांच्या घरातून जिन्याने वायर वर नेऊ दिली. दुसऱ्या दिवशी ती वायर नीट गुंडाळून आमच्या दाराशी ठेवलेली मिळाली. वर चिठ्ठी होती: 'जिन्यात पाय अडकून कोणी पडल्यास आपण उचलायला येणार आहात का?' सही नव्हती, पण अक्षर नोटीस बोर्डावरचंच होतं.

तर बॅटरी. माउंटबरोबर पेन्सिल सेल घालायची एक डबी आली होती. नवे सेल घातले की दुर्बीण दोन तारे शोधते आणि तिसऱ्याला धाप लागते. घरातली पॉवर बँक मोबाइलची, तिचा दाब पाच व्होल्ट. तिच्यावर बारा व्होल्टची मोटर चालत नाही. मग मी शिशाची छोटी बॅटरी आणली, कॉम्प्युटरच्या यूपीएसमध्ये असते ती. जड, पण भरवशाची. दुसऱ्या एका दुकानातून आणली होती. चार्जर मागितला तर तिथल्या माणसाने गाडीच्या बॅटरीचा चार्जर दिला. मी म्हटलं, हा फार मोठा आहे. तो म्हणाला, "मोठा म्हणजे चांगलाच की. लवकर भरेल." या बॅटरीला सावकाश, थोडा थोडा करंट पाजावा लागतो आणि भरली की थांबावं लागतं, हे मी त्याला सांगत होते, तोवर चार्जर माझ्या पिशवीत घालून तो पुढच्या गिऱ्हाइकाशी बोलायला लागलासुद्धा. योग्य चार्जर ऑनलाइन मागवला. तो यायच्या आधी माझ्या नवऱ्याने, मदत म्हणून, मी ऑफिसात असताना तो गाडीचा चार्जर तिला लावून दिला. संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरून घरी आले, तर बॅटरी दोन्ही अंगांनी टम्म फुगलेली आणि घरभर आंबूस उग्र वास.

"पण दुकानदार म्हणाला होता चालतो म्हणून," नवरा म्हणाला.

"आणि मी काय म्हणाले होते?"

मी त्याच्यावर चिडले, पण खरं सांगायचं तर त्याच्यावर कमीच. घरात बॅटरीतलं जिला कळतं तिचं ऐकण्याऐवजी काउंटरमागच्या कुठल्याही पुरुषाचं ऐकावं, हे त्याला कुणी मुद्दाम शिकवलं नव्हतं. ते हवेतच असतं.

म्हणून मग लोह-फॉस्फेटवाली लिथियम बॅटरी. हलकी असते, सहज पेट घेत नाही, शेवटपर्यंत दाब टिकवून धरते. ऑनलाइन मागवायला आठवडा लागणार होता आणि त्या आठवड्यातच आकाश स्वच्छ होतं. म्हणून कसब्यातलं दुकान. म्हणून "साहेब, मॅडमना सांगा."

त्या शनिवारी मी खोक्यासोबतच्या चार्जरने बॅटरी भरली. दिवा हिरवा झाला. सूर्य मावळायच्या आत दुर्बीण टेरेसवर नेली, बाबांना हाताला धरून जिना चढवला, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं. त्यांनी डोक्याला मफलर गुंडाळला होता आणि शर्ट इस्त्रीचा घातला होता. शाळेत इन्स्पेक्शन असायचं तेव्हा घालायचे तसा.

"लग्नाले चालला का बाबा?" मी त्यांच्याच भाषेत विचारलं.

"पहिली भेट आहे ना माय," ते म्हणाले.

सिंहगडाच्या बाजूला आकाश तांबूस होतं. अंधारून आलं तसा शनी वर दिसायला लागला. पूर्वेला गुरूही झळझळत होता, पण बाबांना त्याचं काही नव्हतं. मी माउंट सुरू केला, दोन तारे दाखवून त्याला दिशा समजावली, मग शनी दे म्हटलं. मोटरी घरघरल्या, दुर्बीण वळली आणि तो भिंगात आला. मी आधी पाहिलं. यंदा त्याची कडी आपल्याकडे धार करून आहेत, त्यामुळे मोठं वलय दिसत नाही. पिवळसर मणी आणि त्यातून आरपार गेलेली सुई, असं दिसतं. इतका नीट, इतका स्थिर होता तो!

"या बाबा."

बाबा उठले. त्यांना वाकायला वेळ लागतो, भिंग कुठे आहे ते हाताने चाचपावं लागतं, मग उरलेल्या नजरेचा तो चिमुकला गोल बरोबर भिंगावर आणावा लागतो. ते हे सगळं करत असतानाच माझ्या हातातल्या माउंटच्या रिमोटचा दिवा मंदावला. मोटर एकदा कण्हली आणि थांबली. मग रिमोटच्या पडद्यावर कंपनीचं नाव आलं, म्हणजे यंत्र बंद पडून नव्याने सुरू झालं होतं. सगळी दिशा विसरून.

मी पुन्हा तारे दाखवले. पुन्हा शनी. पुन्हा घरघर, पुन्हा अंधार. तिसऱ्यांदा तर दिवाच लागला नाही.

"हाताने फिरवता येत नाही का?" सेक्रेटरींनी मला एकदा ऐकवलं होतं. येते ना. मी खिट्टी सैल केली, हाताने दुर्बीण शनीवर नेली. पण मोटर नसली की ग्रह पाहता पाहता भिंगाबाहेर सरकतो. धडधाकट डोळ्याच्या माणसाला तेवढा वेळ पुरतो. बाबा वाकेपर्यंत, भिंग चाचपेपर्यंत, आपली नजर लावेपर्यंत तो निघून गेलेला असायचा. मी परत आणायचे. तो परत जायचा.

"दिसला?"

"नाही."

"आता?"

"अंधारच दिसून राहिला माय."

किती वेळा झालं कोण जाणे. शेवटी बाबा सरळ झाले, कंबरेवर हात ठेवला आणि म्हणाले, "राहू दे. थंडी पडून राहिली. तू काऊन एवढी दमतेस?"

ते माझी समजूत घालत होते. तेच मला सहन होईना. त्यांनी चिडायला हवं होतं. आयुष्यभर कुणी काही हिसकावून घेतलं की ते असंच म्हणायचे: राहू दे. बदली झाली, राहू दे. बढती दुसऱ्याला मिळाली, राहू दे. मी त्यांना खाली सोडलं, वर परत आले आणि त्या बॅटरीला लाथ घातली. पायाच्या अंगठ्याला लागलं.

दुसऱ्या दिवशी रविवार. मी बॅटरी पुन्हा पूर्ण भरली आणि तिला गाडीच्या हेडलाइटचा बल्ब जोडून बाल्कनीत ठेवला. एखादी बॅटरी खरंच किती वीज देते हे पाहायचा हा सगळ्यात साधा मार्ग. छापलेला आकडा खरा असता, तर तो बल्ब दुपारच्या जेवणानंतरही जळत राहिला असता. माझा पहिला चहा संपायच्या आत तो पिवळा पडला आणि पोळ्यांची कणीक मळून होईपर्यंत विझला.

मग मी स्क्रू ड्रायव्हर काढला.

खोक्याला चार स्क्रू होते. झाकण उघडलं. आत एका कोपऱ्यात टेपने बांधलेले थोडे जुने सेल होते, त्यांच्यावरची मूळ वेष्टनं सोलून निळी प्लास्टिकं चढवलेली. उरलेल्या जागेत सिमेंटचा एक ठोकळा होता. व्यवस्थित साच्यात ओतलेला, कडा घासलेल्या, वर्तमानपत्रात गुंडाळून गच्च बसवलेला. हलू नये म्हणून. हातात घेतल्यावर वजन भरावं म्हणून.

मी तो ठोकळा ओट्यावर ठेवला. नवरा आला, त्याने पाहिलं.

"हे काय?"

"लिथियम म्हणजे लिथियम."

तो म्हणाला, "जाऊ दे ना. त्यांच्याशी कोण भांडत बसणार? दुसरी मागवू." माझा चेहरा पाहून त्याने गाडीची किल्ली घेतली, तीसुद्धा मी काढून घेतली. "तू येऊ नकोस," मी म्हटलं. "तू आलास की तो तुझ्याशी बोलतो."

सोमवारी ऑफिसला दांडी मारून मी कसब्यात गेले. दुकानात गिऱ्हाईक होतं. डोक्यावर पदर घेतलेल्या, पन्नाशी उलटलेल्या एक भाजीवाल्या बाई काउंटरशी उभ्या होत्या. त्यांची टोपली दुकानाच्या पायरीवर होती. काउंटरवर त्यांनी आणलेलं खोकं होतं. तसंच काळं, तसाच ठळक आकडा.

"मावशी, तुम्ही रात्रभर चार्जिंगला लावून ठेवता, म्हणून बसली बॅटरी," दुकानदार सांगत होता. "चुकीचा वापर असला की गॅरंटी नाही."

"आवं, मी न्हाई लावत रातभर. तुम्हीच सांगितलं, हिरवा दिवा लागला की काढा. तशीच काढते. पण अंधार पडायला लागला की गाडीवरला दिवा जातोय. मेथी हाय का पालक, गिऱ्हाइकाला दिसत न्हाई."

"मग काहीतरी चुकत असणार तुमचं."

हे मी ऐकलं आणि डोक्यात तिडीक गेली. मला फसवलं होतं ते वेगळं. मला निदान खोकं उघडता येत होतं. या बाईंना तो त्यांच्याच हातचा दोष म्हणून घरी पाठवत होता आणि त्या घरी जाऊन अजून काळजीपूर्वक ते सिमेंट चार्ज करत बसणार होत्या.

मी पिशवीतून ठोकळा काढला आणि काउंटरच्या काचेवर ठेवला. जरा जोरातच.

"हा कुठल्या चार्जरने भरायचा?"

दुकानदाराने ठोकळा पाहिला, मला पाहिलं. ओळखलं. मग माझ्या मागे पाहिलं. "साहेब नाही आले?"

"साहेबांचं काय काम? यात चुकीचा वापर कुठे झाला ते मला दाखवा."

"मॅडम, आम्हाला कंपनीकडून सीलबंद माल येतो. आत काय आहे ते आम्हाला काय माहीत?"

"परवा तर डोळे झाकून घेऊन जा म्हणालात."

"आवाज कमी करा मॅडम. बाजारपेठ आहे."

मी आवाज कमी केला नाही. भाजीवाल्या बाईंना विचारलं, "मावशी, तुमचं खोकं उघडू का?" त्यांनी पदर सावरला आणि म्हणाल्या, "उघडा." दुकानदार "अहो, सील तुटलं की" असं काहीतरी म्हणेपर्यंत माझा स्क्रू ड्रायव्हर दुसऱ्या स्क्रूवर होता. झाकण निघालं. तोच वर्तमानपत्राचा कागद, तोच ठोकळा. त्यांच्या वाट्याला सेल माझ्यापेक्षाही कमी आले होते.

बाईंनी ठोकळा उचलला, उलटा करून पाहिला, नखाने खरवडला. मला वाटलं आता या ओरडतील. त्या ओरडल्या नाहीत. बाहेर गेल्या, टोपली उचलली आणि दुकानाच्या दारात, बरोबर उंबऱ्यावर, बसकण मारली. मेथीच्या जुड्या काढून फरशीवर मांडायला लागल्या.

"मावशी, हे काय?" दुकानदार म्हणाला.

"पैसे दे. तवर हितंच भाजी विकते. बोर्ड मोठा हाय तुझा, गिऱ्हाईक येतंय."

गल्ली चिंचोळी. बघता बघता चार माणसं थांबली. कुणीतरी विचारलं काय झालं. बाईंनी दोन्ही ठोकळे मेथीशेजारी मांडले होते. "बॅटरी हाय," त्या येणाऱ्या जाणाऱ्याला सांगत होत्या, "शिमिटाची. घ्यायची का?" एका आजोबांनी खरंच मेथीचा भाव विचारला. एकाने मोबाइल काढून फोटो घ्यायला सुरुवात केली, तेव्हा दुकानदाराचा चेहरा उतरला. त्याने आधी बाईंचे पैसे परत केले, मग माझे. माझ्या हातात देताना म्हणाला, "शिकलेल्या दिसता. समजून घ्यायला पाहिजे होतं तुम्ही."

"काय समजून घ्यायचं?"

त्याच्यामागे मांडणीवर तशीच खोकी छतापर्यंत रचलेली होती. मी ग्राहक मंचाकडे तक्रार केली आहे, तिचं काय होईल ते होईल. गेल्या आठवड्यात त्या गल्लीतून गेले, तेव्हा खोकी तिथेच होती. आकड्यावर नवा स्टिकर चिकटवला होता. आकडा आणखी वाढवून.

चांगली बॅटरी शेवटी मागवूनच घेतली. तिचा स्वतःचा चार्जर होता, त्याच प्रकारच्या सेलसाठी बनवलेला. आली त्या दिवशीच मी तिला हेडलाइटचा बल्ब लावला. तो जळत राहिला. मी स्वयंपाक केला, बाबांच्या डोळ्यांत थेंब घातले, ऑफिसचा एक फोन केला, तरी जळत होता. छापलं होतं तेवढं, उलट थोडं जास्तच तिने दिलं. मग ती परत भरायला लावली. बाल्कनीतल्या फरशीवर, पडदे आणि कपडे लांब सरकवून, आणि मी जागी, समोर.

तेवढ्यात बेल वाजली. दारात सेक्रेटरी. हातात बोर्डावर लावायची नवी नोटीस होती: 'सोसायटीच्या आवारात कोणत्याही प्रकारची बॅटरी चार्ज करण्यास सक्त मनाई आहे.' कुठल्याशा सोसायटीत स्कूटरच्या बॅटरीने पेट घेतल्याची बातमी त्यांनी वाचली होती.

"तुमच्या बाल्कनीत दिवा दिसतोय, मॅडम. आग लागली तर जबाबदार कोण?"

प्रश्न चुकीचा नव्हता, हे मला मान्य करावं लागलं आणि म्हणून जास्तच राग आला. हाच प्रश्न सिमेंट विकणाऱ्याला कुणी विचारत नाही. विचारतात ते मला.

"या ना आत," मी म्हटलं. "ही बॅटरी कशाची आहे, चार्जर कोणता आहे, किती वेळाने थांबेल, सगळं दाखवते. ती भरेपर्यंत मी हलणार नाही. तुम्हीही बसा. आणि मग खाली पार्किंगमध्ये अध्यक्षांची स्कूटर जिन्याखाली ज्या टेप लावलेल्या वायरवर चार्ज होते, ती बघायला दोघं मिळून जाऊ."

ते उंबऱ्याबाहेरच उभे होते. "अध्यक्षांचं वेगळं आहे."

"हो का? ठरावाने आहे?"

माझ्या मागून बाबांचा आवाज आला. "या ना साहेब, च्या घ्या." ते भिंत धरून बाहेर आले होते. सेक्रेटरींनी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांच्या डोळ्यांकडे, हवेत पुढे केलेल्या हाताकडे. काहीतरी पुटपुटले आणि जिना उतरून गेले. नोटीस बोर्डावर लागली. अध्यक्षांची स्कूटर तिथेच चार्ज होते. मीही बाल्कनीत करते.

बॅटरी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही वर गेलो. शनी आता बराच खाली उतरला होता, समोरच्या नव्या इमारतीच्या क्रेनच्या वर. इस्त्रीचा शर्ट नव्हता, घरातलाच स्वेटर होता. मी माउंट चालू केला. दिशा दिली. दुर्बीण वळली आणि नेमक्या जागी थांबली. रिमोटचा दिवा ढळला नाही.

बाबा वाकले. भिंग चाचपलं. या वेळी कुठलीच घाई नव्हती. ग्रह त्यांची वाट पाहत जागच्या जागी थांबला होता.

"दिसला का बाबा?"

"थांब."

मग हळूच म्हणाले, "कडी बारीक आहेत."

"यंदा धारेने दिसतात. काही वर्षांनी पुन्हा रुंद होतील."

"मी एवढी मोठी काढत होतो." त्यांनी हात पसरून दाखवलं, डोळा भिंगावरून न काढता. "बाजूले एक ठिपका आहे. चंद्र आहे का त्याचा?"

"हो. टायटन."

इथवर सगळं मला अपेक्षित होतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी येईल, माझ्याही येईल, असंही वाटलं होतं. पण बाबा सरळ झाले तेव्हा त्यांचा चेहरा कसनुसा, ताठ झाला होता. असा चेहरा मी कधी पाहिला नव्हता.

"आपल्या शाळेत होती दुर्बीण," ते म्हणाले.

"कुठे?"

"हेडमास्तरच्या खोलीत, लोखंडी कपाटात. सरकारकडून आली होती. मी दरवर्षी किल्ली मागत होतो. पोरांले दाखवतो म्हणून. तो म्हणे, नाजूक वस्तू आहे गुरुजी, इन्स्पेक्शनच्या दिवशी काढू. इन्स्पेक्शनले काढली, टेबलावर ठेवली, हार घातला, फोटो घेतला, परत कुलूप. सारी नोकरी अशीच गेली बाई! तेव्हा माझे दोन्ही डोळे होते. शेकडो पोरं होती. म्या त्यांले खडूचा शनी दाखवला."

त्यांचा आवाज चढला होता. खालच्या मजल्यावरची एक खिडकी उघडली. बाबा थांबले नाहीत. त्या हेडमास्तरला ते जे बोलले, ते त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकत होते आणि ते इथे लिहिणार नाही. मला त्यांना शांत करावंसं वाटलं नाही. राहू दे, हा शब्द माझ्याही तोंडात आला नाही. मी बाजूला उभी राहिले. बोलून झालं की ते पुन्हा भिंगाशी वाकायचे, पाहायचे, आणि पुन्हा उठून बोलायचे. शनी क्रेनच्या मागे जाईपर्यंत हे चाललं.

सकाळी उठले तर बाबा फोन घेऊन बसले होते. त्यांनी गावातल्या कुणाकडून तरी त्या हेडमास्तरचा नंबर मिळवला होता. तो आता नागपूरला मुलाकडे असतो, फार थकला आहे. बाबांनी फोन स्पीकरवर ठेवला, कारण बटणं नीट दिसत नाहीत. नमस्कार झाले. तब्येती झाल्या. मग बाबा म्हणाले, "सर, ती कपाटातली दुर्बीण. तुम्ही किल्ली काऊन देत नव्हते?"

मग म्हाताऱ्याचा गोड, कापरा आवाज आला.

"कोणती दुर्बीण हो गुरुजी? आपल्या शाळेत दुर्बीण होती?"

पलीकडून "हॅलो, हॅलो" चाललं होतं. बाबांनी फोन माझ्याकडे दिला, बंद कर म्हणून. चहा समोर होता, तो त्यांनी घेतला नाही.

"त्याले आठवतच नाही," ते म्हणाले. "आता सांग, मी कोणावर रागवू?"